कार्ट्रिजकडून टाकीकडे: चंद्रपूर-गडचिरोलीतील फोटोछपाई

चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलपट्ट्यातील जिल्ह्यांत कृष्णधवल फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीतच तयार होई. रंगीत फोटोसाठी मात्र रोल मोठ्या शहरातील लॅबकडे धुवायला पाठवावा लागे, कारण रंगीत छपाईची रसायने नेमक्या तापमानाला ठेवावी लागत आणि यंत्रही महाग असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला, पण अंतरे तीच राहिली. रेल्वे अनेक दशके वडशापुरतीच होती आणि सिरोंचा जिल्ह्याच्या मुख्यालयापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर होते.

पुढे फोटोची गरज वाढवली ती हौसेने कमी आणि सरकारी कागदांनी जास्त. मतदार ओळखपत्राची योजना १९९३ची. २ फेब्रुवारी २००६ रोजी रोजगार हमीचा केंद्रीय कायदा पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यात हे दोन्ही जिल्हे होते आणि जॉबकार्डावर फोटो लागे. जोडीला बँकेचे खाते, शिष्यवृत्ती, दाखले. लोकांना हवा होता तो पासपोर्ट आकाराचा फोटो, तोही त्याच दिवशी.

संगणक आणि इंकजेट प्रिंटर आल्यावर ही छपाई दुकानात शक्य झाली, पण परवडेना. एप्सन टी६० सारख्या सहा रंगांच्या प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये शाई थोडी मावे आणि ती संपली की चिपमुळे अख्खे कार्ट्रिज बदलावे लागे. प्रिंटर स्वस्त, शाई महाग, असा कंपन्यांचा हिशेब होता. तो मोडला सीआयएसएसने, म्हणजे शाईच्या अखंड पुरवठ्याच्या जोडणीने. प्रिंटरच्या बाजूला सहा टाक्या, त्यांतून निघालेल्या बारीक लवचिक नळ्या आणि आपोआप रीसेट होणाऱ्या चिपची कार्ट्रिजे, एवढाच पसारा. शाई सुटी, बाटलीतून भरायची.

जुगाड म्हणून तो हुशार होता, पण बिनत्रासाचा नव्हता. टाकी प्रिंटरपेक्षा उंच ठेवली तर शाई हेडमधून गळे, फार खाली ठेवली तर नळीत हवा शिरे. चंद्रपूरच्या ४५ अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात प्रिंटर चार दिवस बंद राहिला तर नोझल सुकण्याची भीती असे. मग हेड क्लीनिंग करायचे, आणि त्यात वाचवलेली शाई निरुपयोगी शाईच्या पॅडमध्ये जायची. वाहतुकीतही टाकी आडवी होऊ देऊन चालत नसे.

अखेर कंपनीनेच हा मार्ग स्वीकारला. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात स्वतःचे टाकीचे प्रिंटर आणले, नंतर ते भारतात आले. सहा रंगांच्या एल८०० मध्ये ७० मिलीलिटरच्या बाटल्यांतून शाई भरता येई. ४ × ६ इंचांच्या एका कागदावर ३५ × ४५ मिलिमीटरचे आठ फोटो बसतात. त्यामुळे शाईचा खर्च मागे पडला आणि मुख्य खर्च उरला चकचकीत कागदाचा. बल्लारपूरची गिरणी याच पट्ट्यातल्या बांबूपासून कागद करत आली, तरी स्टुडिओला लागणारा फोटो-कागद बाहेरूनच आणावा लागे.

टिकाऊपणात मात्र ही छपाई उणीच राहिली. स्वस्त डाय शाई आणि साध्या लेपाचा कागद यांवरचे रंग उजेडात व हवेत लवकर उडतात. अर्जावर चिकटवायच्या फोटोला त्याने फारसे बिघडत नाही; लग्नाचा अल्बम मात्र अजूनही बहुधा शहरातल्या लॅबकडेच जातो.