मत न मोजणारी सभा : क्वेकर, वेल्स आणि गडचिरोलीचे मेंढा (लेखा)

१/ अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेकाठच्या असदगडाच्या आसपास, वऱ्हाडी आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. अशा वस्तीत वाढलेल्याला एक प्रश्न समजावून सांगावा लागत नाही : सभा ज्या भाषेत चालते, त्या भाषेत अडखळणाऱ्याचे म्हणणे कोण ऐकतो? आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासावर.

२/ बहुमताचा हिशेब सोपा असतो. शंभरांपैकी एक्कावन्न हात वर झाले की निर्णय झाला, उरलेल्या एकोणपन्नासांनी तो मुकाट पाळायचा. पण ज्यांना उद्या पुन्हा त्याच विहिरीवर आणि त्याच जंगलात भेटायचे आहे, त्या लहान समाजाला हा हिशेब परवडतोच असे नाही. म्हणून काही समाजांनी मतदानच वर्ज्य केले.

३/ सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्याभोवती उभा राहिलेला क्वेकर पंथ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्यांच्या सभेत लोक शांत बसतात. ज्याला बोलावेसे वाटेल तो बोलतो. सर्वांच्या बोलण्यातून निघणारा सूर सभेचा लेखनिक शब्दांत मांडतो आणि तो मजकूर तिथेच वाचून दाखवतो. सभेला तो आपला वाटला, तरच निर्णय झाला असे मानतात.

४/ १६५७ साली फॉक्स वेल्समध्ये फिरले. तिथल्या सामान्य लोकांची भाषा वेल्श, आणि फॉक्स यांना ती येत नव्हती. त्यांचे वेल्श सहकारी जॉन अ‍ॅप जॉन लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलले. मेरिओनेथ परगण्यात क्वेकरांच्या सभा रुजल्या. छळ वाढला तेव्हा, १६८० च्या दशकात, यांतील अनेक कुटुंबे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला गेली.

५/ विल्यम पेन यांनी त्यांच्यासाठी सुमारे ४०,००० एकरांचा पट्टा राखला होता. तिथला कारभार आपण आपल्या भाषेत चालवू, अशी त्यांची समजूत होती. पण हे आश्वासन तोंडी होते. काही वर्षांतच तो पट्टा वेगवेगळ्या परगण्यांत विभागला गेला. सभेची पद्धत टिकली. भाषेचे स्वराज्य मात्र हातचे गेले.

६/ या पद्धतीची काळी बाजूही पाहिली पाहिजे. १६८८ साली पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथे चौघांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला. तो एका सभेकडून दुसरीकडे सरकत राहिला. क्वेकरांनी गुलाम बाळगू नयेत, हा निर्णय फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत झाला १७७६ साली. एकमत होण्याची वाट पाहण्यात ८८ वर्षे गेली, आणि त्या विलंबाची किंमत ज्यांनी मोजली, ते गुलाम त्या सभेत बसलेलेच नव्हते.

७/ आता आपल्या विदर्भात येऊ. १९५० च्या दशकात मार्जोरी साइक्स या क्वेकर शिक्षिका सेवाग्रामला नई तालीमचे काम करत होत्या. तिथून जवळच, पवनारला विनोबांचा आश्रम. सर्वोदयाच्या कामात निर्णय सर्वसंमतीने व्हावेत, हा विनोबांचा आग्रह होता. दोन्ही विचारांचे मूळ वेगळे असले, तरी हात मोजून निर्णय करू नये, यावर ते एकत्र येतात.

८/ या विचाराला गावाचे रूप मिळाले ते गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे. शंभरेक घरांचे हे गोंड गाव. घरात आणि शेतात गोंडी, तर तलाठी, वनखाते आणि न्यायालय यांच्याशी व्यवहार मराठीत. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम या धरणांविरुद्ध आदिवासींचे आंदोलन उभे राहिले. त्यातूनच गावाने स्वतःचा विचार स्वतः करायला सुरुवात केली.

९/ देवाजी तोफा हे गावचे कार्यकर्ते आणि विनोबांच्या विचारांचे अभ्यासक मोहन हिराबाई हिरालाल, ही दोन नावे या वाटचालीशी जोडलेली आहेत. घोषणा होती : ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने घ्यायचा आणि एकाचाही ठाम विरोध असेल तर थांबायचे, असे ठरले.

१०/ मेंढ्याची खरी युक्ती पुढे आहे. निर्णय घेणारी ग्रामसभा वेगळी आणि विषय समजून घेणारा अभ्यास गट वेगळा. अभ्यास गटात काहीही ठरवायचे नसते. कायदा, जंगल, हिशेब यांवर नुसते बोलायचे आणि विचारायचे. बाहेरचा जाणकारही तिथे बसू शकतो, पण निर्णय गावाचाच. ज्याला सरकारी मराठी कागद वाचता येत नाही, त्यालाही सभेत बसण्यापूर्वी त्या कागदात काय आहे ते कळलेले असते.

११/ याची कसोटी लागली वनहक्क कायद्याच्या वेळी. २००६ च्या या कायद्याखाली २००९ साली मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी हे एक. तरीही बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती होता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे आले. २०१३ साली गावाने १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करण्याचा ठराव केला.

१२/ मेरिओनेथच्या लोकांना तोंडी आश्वासन मिळाले आणि ते विरले. मेंढ्याने आपल्या बोलीत विचार केला, पण हक्क मात्र राज्याच्या भाषेत, लेखी स्वरूपात मिळवला. दोन भाषांच्या मुलखात या दोन्ही गोष्टी लागतात. आणि जर्मनटाउनची आठवण ठेवायची ती एवढ्यासाठी, की एकमत झाले असे म्हणण्यापूर्वी सभेत कोण बसलेले नाही, हेही पाहिले पाहिजे.

१३/ आपल्या गावात किंवा मोहल्ल्यात पूर्वी निर्णय कसे होत, कोणत्या भाषेत होत आणि कोणाला बोलावले जात नसे, हे घरातील वडीलधाऱ्यांना एकदा विचारा. जे कळेल ते या धाग्याखाली जरूर लिहा.