अभिव्यक्तिलेखन : मनाच्या जखमेवर लेखणीचा उपचार

मनावरील जुन्या आघाताला शब्दांतून वाट करून देणाऱ्या उपचारास अभिव्यक्तिलेखन म्हणतात. जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील या अमेरिकी संशोधकांनी १९८६ मध्ये त्यावरील प्रयोग प्रसिद्ध केला. ४६ विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस रोज १५ मिनिटे लिहिले. काहींनी क्षुल्लक विषयांवर, इतरांनी आयुष्यातील क्लेशकारक प्रसंगांवर. आघाताच्या भावना मांडणारे प्रारंभी अधिकच खिन्न झाले. परंतु घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्यातील फेऱ्या पुढील सहा महिन्यांत तुलनेने कमी राहिल्या. नुसता घटनाक्रम नोंदवणाऱ्यांना तसा लाभ झाला नाही. या पद्धतीत शुद्धलेखनाची चिंता न करण्याची सूचना असते (ऱ्हस्व-दीर्घाने गांजलेल्यांना ही मोठीच सवलत!). आघात ताजा असल्यास मात्र हे लेखन एकट्याने न करता समुपदेशकाच्या सोबतीने करावे.