टोस्ट सँडविच आणि बाटवणारा पाव

विषय ऐकून काही श्रोत्यांना वाटलं असेल, इतिहासाच्या व्याख्यानात सँडविच कुठून आलं? पण मीरा रोडला सिल्व्हर पार्कच्या बाजूला संध्याकाळी आपण जे टोस्ट सँडविच उभ्याउभ्या खातो, त्यातला पाव आपल्या समाजात कित्येक पिढ्या जात घालवणारा पदार्थ होता. आज आपण त्या पावाबद्दल बोलू.

आधी पदार्थ नीट बघू. दोन स्लाइस, कडेपर्यंत बटर, त्यावर कोथिंबीर-मिरचीची चटणी. मग उकडलेला बटाटा, काकडी, टोमॅटो, कांदा, बीट, असली तर ढोबळी मिरची, आणि थराथरावर मसाला. लांब दांड्याच्या साच्यात बंद करून आचेवर दोन्ही बाजूंनी भाजायचं. उन्हाळ्यात काकडी-टोमॅटोला पाणी फार सुटतं, म्हणून बटर कडेपर्यंत हवं, नाहीतर पाव आतून ओला राहतो. बटरमध्ये कंजुषी करणाऱ्याचं टोस्ट जूनपर्यंत खाऊ नये, असं आमचं मत आहे!

आता या थरांत आपलं जुनं काय? काकडी आणि कोथिंबीर. बटाटा, टोमॅटो, मिरची ही मंडळी मूळची अमेरिकेतली. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीज, ‘पाव’ही पोर्तुगीज. आणि पोर्तुगीज काही लांबचे नव्हेत. घोडबंदरचा किल्ला मीरा-भाईंदरच्याच हद्दीत आहे आणि खाडी ओलांडली की वसई. १५३४ ते १७३९, म्हणजे चिमाजी अप्पांनी वसई घेईपर्यंत, इथे त्यांची सत्ता होती. पाव फुगवायला त्यांनी इथली माडी वापरली. पण वसईपासून गोव्यापर्यंत लोकांच्या लक्षात राहिली ती वेगळी गोष्ट: रात्री विहिरीत पाव टाकला, सकाळी गावाने पाणी प्यायलं आणि अख्खं गाव बाटलं. लक्षात घ्या, यात तलवार नाही, सक्तीचा बाप्तिस्मा नाही. एक पावाचा तुकडा पुरला. आम्हाला या गोष्टीत धर्मांतराच्या इतिहासापेक्षा जातीचा इतिहास जास्त दिसतो. नकळत प्यायलेल्या पाण्यासाठी माणसाला परत घ्यायचं नाही, हे ठरवणारे पोर्तुगीज नव्हते, आपलेच लोक होते.

म्हणून तर १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली, तेव्हा सभासद होणाऱ्याला काय करावं लागायचं? ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. मराठी व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग या सभेच्या मुख्य लोकांपैकी. हे सगळं अर्थात गुपचूप चालायचं. १८६० मध्ये सभासदांची नावं बाहेर फुटली आणि सभा मोडली. जातिभेद चूक आहे हे पटलेली शिकलेली माणसं, पण पाव खाल्ल्याचं कळेल या भीतीने पांगली. त्यांना भित्रे म्हणणं सोपं आहे. बहिष्कार म्हणजे बहिणीचं लग्न अडणं, घरच्या मयताला खांदेकरी न मिळणं, हे विसरू नये.

तीस वर्षांनी, १८९० मध्ये, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये तेच झालं. टिळक, रानडे, गोखले अशी मंडळी तिथे गेली, चहा-बिस्किटं पुढे आली. गोपाळराव जोशांनी नावं छापली आणि ग्रामण्य सुरू झालं. शेवटी रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. हायकोर्टात बसणार असलेला माणूस, आणि कारण काय, तर चहाचा कप!

मग पाव घरात शिरला कसा? आजारी माणसाचं पथ्य म्हणून शिरला, गिरणीवाल्याची न्याहारी म्हणून शिरला. तरी ‘पायाने मळतात’ हे आपल्यापैकी अनेकांनी आजीकडून ऐकलेलं असेल. १९६५ साली सरकारनेच मॉडर्न बेकरीज काढली. यंत्राने कापलेला, कागदात गुंडाळलेला पाव दुकानात आला. आमच्या मते खरा फरक इथे पडला. भाजणाऱ्याचा हात दिसेनासा झाला, म्हणून त्याची जात विचारायची सोय राहिली नाही. मन बदललं म्हणून नव्हे, हं. वेष्टन आलं म्हणून.

आणि आता सिल्व्हर पार्ककडे परत येऊ. या भागात गुजराती-जैन वस्ती मोठी. त्यामुळे ‘जैन टोस्ट’ सर्रास मिळतं: कांदा, बीट, बटाटा वगळून, बटाट्याच्या जागी कच्चं केळं. काटेकोर घरांत पाव स्वतःच चालत नाही, कारण तो आंबवलेला आणि शिळा. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य, म्हणजे कोथिंबिरीची चटणीही गेली. आपलं आपण न खाणं हा ज्याचा त्याचा नेम, त्याबद्दल आमचं काहीच म्हणणं नाही. पण २०१५ साली पर्युषणात मीरा-भाईंदर महापालिकेने आठ दिवस मांसविक्री बंद ठेवायचं ठरवलं, तेव्हा प्रश्न नेमाचा उरला नाही. एकाचा नेम दुसऱ्याच्या ताटापर्यंत गेला, आणि वाद पेटला. टोस्टवाल्याने हा गुंता त्याच्या परीने सोडवलेला असतो. एकच गाडी, भाज्यांचे डबे वेगळे, आणि ऑर्डर घेताना पहिला प्रश्न: ‘जैन की रेग्युलर?’ तो कोणाला आडनाव विचारत नाही. साचा मात्र बहुतेक वेळा दोघांसाठी एकच असतो.