विद्यापीठापूर्वींचा इंग्रजीचा अभ्यास

जुनीं दप्तरें धुंडाळणारे आमचे मित्र मोडी कागद दिसतांच हात पुढें करितात. परंतु त्याच रुमालांत इंग्रजी धड्यांची एखादी वही निघाली, तर ती अर्वाचीन म्हणून बाजूस सारितात. हा दोष आमच्याहि हातून घडला आहे. एका वाड्यांतील दप्तर तपासतांना अशी एक वही आम्हीं पाहिली. शब्द इंग्रजी, त्याखालीं बाळबोधींत उच्चार, समासांत मराठी अर्थ. मोडी कागद तेवढे उतरून घेऊन ती आम्हीं तेथेंच ठेविली. पुन्हां गेलों तों ती रद्दींत गेली होती. तिचें मोल काय होतें, तें येथें सांगावयाचें आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें व १८६२ सालीं त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतलेच. ह्या पिढीचें इंग्रजी हें केवळ गोऱ्या अध्यापकांच्या शिकवणीचें फळ, असा समज आढळतो. आमच्या मतें तो अपुरा आहे. त्या इंग्रजीचा पाया आधींच्या पंचवीस वर्षांत घातला गेला, आणि त्यांत मराठीचा वांटा मोठा होता.

पहिलें प्रमाण 'दर्पण' पत्राचें. बाळशास्त्री जांभेकर यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं तें मुंबईस सुरू केलें. त्यांत एका स्तंभांत इंग्रजी व शेजारीं मराठी मजकूर असे. त्रिपाठ पोथींत मूळ मध्यें व टीका वर-खालीं वाचण्याची ज्यांस संवय, त्यांस ही मांडणी परकी वाटली नसावी.

दुसरें प्रमाण कोशांचें. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं, व मोल्सवर्थ-कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं प्रसिद्ध झाला. पहिल्याच्या शब्दसंग्रहास येथील शास्त्र्यांचें साहाय्य होतें. इंग्रजी शिकूं पाहणाऱ्याच्या हातीं ह्या कोशांनीं दोहों बाजूंनीं उघडणारें दार दिलें.

तिसरें प्रमाण सभांचें. १८४८ सालीं एल्फिन्स्टन संस्थेंतील विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्रविषयक सभा निघाली. तेथें निबंध वाचीत व त्यांवर चर्चा करीत. मराठी व गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभांच्या रूपानें चालत. वर्गांतील भाषा परीक्षेपुरती असते. चारचौघांत उभें राहून बोलण्याची संवय अशा सभांनींच लागते. ह्याच तरुणांनीं १८४९ सालीं मुलींच्या शाळा काढिल्या, आणि तेथें शिक्षण दिलें तें देशभाषांतून.

ह्या दोन भाषांत वादहि झाला. शिक्षणमंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीचे, तर जगन्नाथ शंकरशेट देशभाषांचे कैवारी होते. पुढें विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून मराठी गेली, तेव्हां ती परत यावी म्हणून दीर्घ खटपट केली ती इंग्रजींत पारंगत अशा रानडे यांनींच. एक भाषा पक्की असल्यावांचून दुसरी पक्की होत नाहीं, हें ते अनुभवानें जाणत असावेत.

हीं तीनहि प्रमाणें छापील व शहरांतलीं आहेत. लहान गांवच्या घरांत विद्यार्थी इंग्रजी कसा घोकीत होता, उच्चार कोणत्या अक्षरांत बसवीत होता, कोठें चुकत होता, हें सांगणारें साधन म्हणजे त्या वह्याच. म्हणून संग्राहकांस विनंति कीं, अशी वही मिळाल्यास ती फेंकूं नये. गांव, घराणें, रुमाल व तिच्यावरील मिति टिपून ठेवावी. मोडी कागदांच्या नकला अन्यत्र सांपडण्याचा संभव तरी असतो. अशा वहीची दुसरी प्रत असत नाहीं.