तारेवरचें कवच

तारायंत्राचा इतिहास सांगावयास बसलें म्हणजे आपण बहुधा विजेविषयीं बोलतों, तांब्याच्या तारेविषयीं बोलतों, फार तर मोर्सच्या टिंबरेघांविषयीं बोलतों. त्या तारेवर जें कवच चढविलेलें असतें त्याची आठवण सहसा कोणी काढीत नाहीं. वास्तविक पाहतां वीज तारेंत सोडणें सोपें आहे. ती तारेंतच राहील अशी व्यवस्था करणें कठीण. पाटानें पाणी नेणारा शेतकरी हें मर्म चांगलें जाणतो. विहिरीवर मोट कितीहि जोरानें चालली तरी पाट भुसभुशीत असेल तर पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोंचत नाहीं. विजेचें तसेंच आहे. तिला वाटेंत जमीन किंवा पाणी यांचा स्पर्श झाला कीं ती निसटून जाते. म्हणून तारेच्या कवचाचा धंदा हा तारायंत्राच्या धंद्याचा कणाच होय. आज मी या कवचाच्या पहिल्या तीस वर्षांची हकीकत आपणांस सांगणार आहें. ती लंडनच्या कारखान्यांत घडली, मलायाच्या रानांत घडली, आणि तिचा एक महत्त्वाचा प्रवेश आपल्या मुंबईच्या बंदरांतहि झाला.

जमिनीवरून तार न्यावयाची तर कवचाची फारशी गरज नव्हती. खांब पुरावे, त्यांवर चिनी मातीच्या टोप्या बसवाव्या आणि उघडी तार ताणावी. भोंवतालची कोरडी हवा हेंच तिचें कवच. परंतु वाटेंत नदी आली, खाडी आली, समुद्र आला म्हणजे काय करावयाचें? या प्रश्नाला हात घालणाऱ्यांत एक मनुष्य आपल्याच देशांत काम करीत होता. कलकत्त्याच्या वैद्यकीय विद्यालयांतील अध्यापक विल्यम ओशॉनेसी यानें १८३९ सालीं हुगळीच्या पाण्याखालून तार नेऊन संदेश पाठविण्याचे प्रयोग केले. तारेच्या वेष्टणासाठीं त्यानें डांबर, वेत आणि डांबरांत भिजविलेलें सूत हीं वापरलीं. प्रयोग यशस्वी झाला. पण डांबर आणि सूत हीं कांहीं वर्षानुवर्षें पाण्यांत टिकणारीं द्रव्यें नव्हत. टिकाऊ, लवचिक, पाणी न पिणारें आणि विजेला अडविणारें असें द्रव्य हवें होतें.

तें द्रव्य सिंगापूरकडून आलें. तेथें नोकरीस असलेला शस्त्रवैद्य विल्यम मॉन्टगोमेरी याला असें दिसलें कीं, मलायी लोक आपल्या कोयत्यांच्या मुठी एका चिवट चिकाच्या करतात. हा चीक गरम पाण्यांत बुडविला कीं कणकेसारखा मऊ होतो, हवा तो आकार घेतो, आणि निवाला कीं लाकडासारखा घट्ट होतो. १८४३ च्या सुमारास त्याचे नमुने लंडनला पोंचले. यालाच गटापर्चा म्हणतात. ज्या झाडाचा हा चीक, तें तबान नांवाचें झाड आपल्याला अगदींच परकें नाहीं. वनस्पतिशास्त्राप्रमाणें आपला मोह, आपली बकुळ आणि आपल्या बागांतील चिकू यांच्याच कुळांतलें तें आहे.

प्रथम लोकांनीं या नव्या द्रव्याचे बुटांचे तळवे, नळ्या, खेळण्याचे चेंडू असे नाना प्रकार केले. १८४८ सालीं मायकेल फॅरडेनें या द्रव्याच्या विद्युत्-रोधक गुणाची ग्वाही प्रसिद्ध केली, आणि धंद्याची दिशा पालटली. त्याच सुमारास बर्लिनमध्यें वर्नर सीमेन्स यानें गटापर्चाचें अखंड कवच तारेवर चढविणारें यंत्र बनविलें होतें. याची कल्पना आपल्या घरांतील चकलीच्या सोऱ्यावरून करतां येईल. सोऱ्यांत पीठ भरावें आणि दाबावें म्हणजे तें भोंकांतून बाहेर येतें. आतां त्या भोंकाच्या मधोमध एक तार सरकत आहे अशी कल्पना करा. मऊ चीक तारेभोंवतीं सर्व बाजूंनीं सारखा बसून बाहेर पडेल. आरंभीं लोक दोन पट्ट्यांमध्यें तार धरून कडा दाबीत असत, आणि त्या सांध्यांतून पाणी आंत शिरत असे. सोऱ्यानें तो सांधाच नाहींसा केला. लंडनच्या गटापर्चा कंपनीनेंहि, पूर्वीं नळ्या काढण्यासाठीं घेतलेलें यंत्र या कामाला लावलें.

तरी पहिला धडा कडू होता. प्रशियन सरकारनें या तारा जमिनींत पुरल्या आणि त्या थोड्याच वर्षांत निकामी झाल्या. कांहीं ठिकाणीं चिकाची भेसळ बाधली, कांहीं ठिकाणीं उंदीरघुशींनीं कवच कुरतडलें. गटापर्चाचें खरें घर जमिनींत नव्हतें. हवा आणि ऊन लागलें कीं तो ठिसूळ होऊन तडकतो. उलट थंड, काळोख्या पाण्यांत तो पिढ्यान् पिढ्या टिकतो. जणुं समुद्रतळासाठींच तो निर्माण झाला होता.

१० जानेवारी १८४९ रोजीं चार्ल्स व्हिन्सेंट वॉकर यानें फोकस्टनच्या किनाऱ्यापासून समुद्रांत सुमारें दोन मैल अशी तार सोडून जहाजावरून थेट लंडनशीं संभाषण केलें. पुढच्याच वर्षीं, २८ ऑगस्ट १८५० रोजीं, ब्रेट बंधूंनीं डोव्हरपासून फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत तार टाकली. तिच्यावर गटापर्चाखेरीज दुसरें कांहींच नव्हतें. ती बुडावी म्हणून ठिकठिकाणीं शिशाचीं वजनें बांधलीं होतीं. दुसऱ्याच दिवशीं ती मुकी झाली. एका कोळ्याच्या जाळ्यांत सांपडून ती तुटली असें सांगतात. १८५१ सालीं मात्र चार गाभ्यांभोंवतीं ताग आणि त्यावर दहा जाड लोखंडी तारांचा पीळ अशी भक्कम रचना झाली, आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत इंग्लंड व फ्रान्स यांमधील ही वाट लोकांस खुली झाली. आंत तांबें, त्यावर चीक, त्यावर ताग, त्यावर लोखंड ही चौपदरी घडण पुढें शंभर वर्षें समुद्रतारांनीं मूलतः बदलली नाहीं.

या यशानें धंद्याला घाई सुटली, आणि घाईचें प्रायश्चित्त लौकरच मिळालें. १८५८ च्या ऑगस्टांत अटलांटिक महासागराखालून तार गेली. दोन्ही खंडांत आनंदोत्सव झाले. व्हिक्टोरिया राणीचा शंभराहून कमी शब्दांचा संदेश पलीकडे जावयास सुमारें सोळा तास लागले. आणि कांहीं आठवड्यांतच ती तार कायमची थंड पडली. वाइल्डमन व्हाइटहाऊस या तंत्रज्ञानें तिच्यांत सुमारें २,००० व्होल्टांचा दाब सोडला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण आधींच दुर्बळ झालेल्या कवचाला तो दाब सोसला नाहीं हें अधिक खरें. तार घाईनें बनली होती. ती उघड्यावर उन्हांत ठेवण्यांत आली होती. कित्येक ठिकाणीं तांबें चिकाच्या मध्यावर न राहतां एका कडेला सरकलें होतें. तिचीं दोन अर्धीं दोन कारखान्यांत बनलीं, तर एकानें लोखंडी तारांना जो पीळ दिला त्याच्या उलट पीळ दुसऱ्यानें दिला!

दुसरा आघात आपल्याशीं अधिक निगडित आहे. १८५७ सालीं मीरतेस उठाव झाल्याची बातमी लंडनला पोंचावयास सहा आठवड्यांहून अधिक काळ लागला होता. साम्राज्याच्या चालकांना हा विलंब असह्य वाटला, आणि सुएझपासून एडनवरून कराचीपर्यंत तार टाकण्याच्या योजनेला ब्रिटिश सरकारनें आठ लाख पौंडांच्या भांडवलावर पन्नास वर्षें साडेचार टक्के व्याजाची हमी दिली. १८५९ व १८६० सालीं ही तार पडली. पण तांबड्या समुद्राच्या खडकाळ तळावर ती सैल न सोडतां ताणून टाकली होती. उष्ण पाण्यांत तिच्यावर शिंपले व प्रवाळ चढले, आणि तुकड्यातुकड्यांनीं ती तुटली. सबंध मार्गावरून उपयोगी असा एकहि संदेशव्यवहार न होतां सरकारी तिजोरीवर दरसाल ३६,००० पौंडांचा बोजा मात्र राहिला. मेलेल्या तारेचें व्याज भरणें हें कोणत्याहि सरकारला सुखावह नसतें.

तेव्हां सरकार आणि अटलांटिक कंपनी यांनीं मिळून एक चौकशी समिति नेमली. तिचा अहवाल १८६१ सालीं प्रसिद्ध झाला. या धंद्याच्या इतिहासांत त्या अहवालाला मी फार मोठें स्थान देतों. समितीच्या म्हणण्याचा इत्यर्थ असा कीं, या अपयशांचा दोष समुद्राला देणें व्यर्थ आहे. तार बनविण्यांत आणि टाकण्यांत जी हयगय झाली तीच बहुतेक अनर्थांचें मूळ असून ती टाळतां आली असती. येथून कारागिरीचें शास्त्र झालें. विल्यम थॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन झाले, त्यांनीं दाखवून दिलें होतें कीं बाजारांतील सगळें तांबें सारखें वीज वाहत नाहीं. म्हणून तांब्याची परीक्षा करारांतच घातली जाऊं लागली. तयार गाभा ठराविक उष्णतेच्या पाण्यांत चोवीस तास बुडवून मग मोजावयाचा, असा दंडक पडला. चिकाच्या थरांमध्यें चॅटरटनचें डांबर-राळेचें मिश्रण भरून बारीक छिद्रें बुजविण्यांत येऊं लागलीं. १८५८ च्या तारेंत दर सागरी मैलाला १०७ पौंड तांबें व २६१ पौंड गटापर्चा होता. १८६५ च्या तारेंत तेच आंकडे ३०० आणि ४०० झाले. १८६४ सालीं गटापर्चा कंपनी आणि ग्लास इलियट या दोन कारखान्यांचें एकीकरण होऊन गाभा व चिलखत हीं एकाच छत्राखालीं आलीं. १८६६ सालीं ग्रेट ईस्टर्न या प्रचंड जहाजानें अटलांटिकची तार यशस्वीपणें टाकली आणि आदल्या वर्षीं समुद्राच्या तळाशीं तुटून पडलेली तारहि वर काढून पुरी केली.

या सुधारलेल्या कारागिरीचें फळ हिंदुस्थानाच्या वाट्यास प्रथम १८६४ सालीं आलें. त्या वर्षीं इराणी आखातांत तार टाकण्यांत आली. ती वाहून आणणाऱ्या शिडांच्या जहाजांत ट्वीड नांवाचें एक जहाज होतें. तें मूळचें ‘पंजाब’ या नांवाचें लढाऊ जहाज. मुंबईच्या गोदींत, वाडिया घराण्याच्या देखरेखीखालीं सागवानांत बांधलेलें. लंडनचें तांबें, मलायाचा चीक आणि मुंबईच्या सुतारांनीं घडविलेलें सागवान यांचा असा संगम त्या आखातांत झाला.

परंतु ती वाट तुर्कस्तानच्या जमिनीवरून जाई, आणि संदेश कित्येक दिवसांनीं, पुष्कळदां अक्षरें गाळून, पोंचत. अखंड समुद्रमार्ग हवा होता. त्यासाठीं जानेवारी १८७० च्या अखेरीस ग्रेट ईस्टर्न आफ्रिकेला वळसा घालून मुंबईस आलें. हें ६९२ फूट लांबीचें जहाज पांढरें रंगविलेलें होतें. हा रंग शोभेसाठीं नव्हता. उष्ण कटिबंधांतील उन्हानें जहाज तापेल, टांक्यांतील तार तापेल आणि चीक मऊ होऊन तांबें पुन्हा कडेला सरकेल ही ती भीति होती. बारा वर्षांपूर्वींचा धडा कारखानदार विसरले नव्हते. फेब्रुवारीच्या मध्यास मुंबईहून तार सोडण्यास आरंभ झाला आणि तो महिना संपण्याच्या सुमारास सुमारें १,८०० सागरी मैलांवरील एडन गांठलें. जूनमध्यें इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंतची सांखळी पुरी झाली. २३ जून १८७० रोजीं रात्रीं जॉन पेंडर यांच्या लंडनमधील घरीं समारंभ होऊन व्हाइसरॉयशीं तारेनें कुशलप्रश्न झाले. जी बातमी पूर्वीं महिन्यांनीं येई ती आतां तासांत येऊं लागली. मुंबईच्या कापूसबाजाराचा आणि लिव्हरपूलच्या बाजाराचा जणुं एक श्वास झाला. आणि त्याचबरोबर कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलचा हातहि लंडनच्या मंत्र्याच्या मुठींत अधिक घट्ट सांपडला.

श्रोतेहो, या विजयाचा जमाखर्च मांडतांना एक रकाना बहुधा कोरा ठेवला जातो. तो भरल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. रबराच्या झाडाला चीर दिली कीं चीक वाहतो व झाड जगतें. तबानचें तसें नाहीं. त्याचा चीक सालीखालच्या सुट्या पोकळ्यांत असतो आणि हवा लागतांच गोठतो. म्हणून गोळा करणारे सबंध झाडच तोडीत, आडव्या बुंध्याला थोड्याथोड्या अंतरानें सालीभोंवतीं कंकणासारख्या खांचा पाडीत आणि झिरपलेला चीक करवंटींत किंवा पानांत धरीत. एका झाडाचें उत्पन्न बहुधा पौंडा-दोन पौंडांच्या आंतबाहेर. आतां १८६५ च्या तारेचा आंकडा आठवा: सागरी मैलास ४०० पौंड. म्हणजे ठोकळ हिशेबानें एकेका मैलासाठीं २०० ते ४०० वृक्ष आडवे झाले. पूर्ण वाढ होण्यास ज्यांना कित्येक दशकें लागत त्या वृक्षांचें सिंगापूरच्या बेटावर थोड्याच वर्षांत जवळजवळ उच्चाटन झालें. मग कुऱ्हाड मलायाच्या अंतर्भागांत, सुमात्रांत, बोर्निओंत शिरली. रानांतल्या माणसाच्या पदरीं पडलेली मजुरी अल्प होती आणि ती तार कोणत्या उपयोगाची हें त्याला कोणी सांगितलें नव्हतें. १८८५ सालीं डच लोकांनीं जावांतील चिपेतीर येथें लागवड केली; तेथें पुढें पानांपासून चीक काढण्याची युक्ति निघाली. झाड न मारतां चीक मिळूं शकतो हें ज्ञान असें उशिरां आलें. तोंवर मोठीं रानें गेलीं होतीं.

गटापर्चाचें राज्य शेवटीं एका अपघातानें संपलें. १९३३ सालीं इंग्लंडांतील एका रासायनिक प्रयोगशाळेंत, फार मोठ्या दाबाखालीं एथिलीन वायूवर प्रयोग चालले असतां पांढरें, मेणासारखें द्रव्य हातीं लागलें. तेंच पॉलिथीन. १९५६ सालीं अटलांटिकखालून जी पहिली दूरध्वनीची तार गेली तिच्या तांब्याभोंवतीं हेंच कवच होतें. आज समुद्रतळाशीं कांचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या रूपानें संदेश धांवतात; मुंबईच्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा तारा येऊन लागल्या आहेत. परंतु वाटेंतील प्रकाशवर्धक यंत्रांना वीज पुरविणारें तांबें त्यांतहि असतें, आणि त्या तांब्याभोंवतीं पॉलिथीनचें कवच असतेंच.

म्हणून मला वाटतें कीं आपण दूरदेशींच्या आप्ताचा आवाज ऐकतों त्या वेळीं या कवचाचें थोडेसें स्मरण ठेवावें. १८५८ च्या तारेनें मनुष्याला शिकविलें कीं शोधाइतकीच निगाहि महत्त्वाची आहे. मलायाच्या रानांनीं शिकविलें कीं निगा केवळ आपल्या वस्तूची ठेवून भागत नाहीं, ती वस्तु जेथून येते त्या ठिकाणाचीहि ठेवावी लागते. पहिला धडा कारखानदारांनीं तीन वर्षांत आत्मसात् केला. दुसरा शिकावयास त्यांना चाळीस वर्षें लागलीं, आणि तो आपण सर्वांनीं पुरता गिरविला आहे असें अजूनहि म्हणवत नाहीं.