छातीत किती हवा, आणि ती मोजायची कुणाच्या मापाने?

मागच्या महिन्यात पोटमाळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आईच्या दोन नऊवारी, वडिलांचा गिरणीचा पास, संपाच्या काळातल्या उधारीच्या चिठ्ठ्या, आणि एका पिवळ्या पाकिटात १९९६ सालचा फुफ्फुसांच्या तपासणीचा कागद. त्यावर एक वक्ररेषा, खाली आकडे आणि शेवटी शेरा: नॉर्मल.

वडील कार्डिंग खात्यात होते. ज्यांनी गिरणी आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गासड्या फोडून कापूस ब्लो रूममधून येतो तो कार्डिंगला. तिथे तो विंचरला जातो आणि त्यातली सगळी धूळ, पाचोळा, बारीक तूस हवेत उडतं. पाळी सुटल्यावर वडिलांच्या भुवया पांढऱ्या असायच्या. लहानपणी मला वाटायचं की आमचे वडील रोज संध्याकाळी म्हातारे होतात आणि अंघोळ केली की पुन्हा तरुण होतात. १९६८ ते १९९४, मधली संपाची वर्षं सोडली तर सगळी नोकरी त्या एका खात्यात.

पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगून ठेवतो. मी डॉक्टर नाही, पोस्टात नोकरी केली. पण तो "नॉर्मल" शब्द डोक्यातून जाईना म्हणून वाचत गेलो. वाचता वाचता लालबागहून थेट व्हिएन्ना, पॅरिस, लुइझियाना असं फिरून आलो.

बंद छातीच्या आत काय चाललंय हे बाहेरून कळायला माणसाला फार उशीर लागला. व्हिएन्नाचे लिओपोल्ड आऊएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये एक छोटं लॅटिन पुस्तक काढलं. त्यांचं म्हणणं एवढंच, की छातीवर बोटांनी ठोका आणि आवाज ऐका. निरोगी छाती पोकळ वाजते, आत पाणी साचलं असेल तर ठस्स. त्यांचे वडील खानावळवाले, आणि पिंपात दारू किती उरलीय ते ठोकून बघायची सवय घरातलीच, असं सांगतात. आपल्याकडे माठ घेताना आणि कलिंगड घेताना बायका हेच करतात. तर या पुस्तकाकडे जवळजवळ कुणीच लक्ष दिलं नाही. पुढे १८०८ मध्ये नेपोलियनचे डॉक्टर कोर्विसार यांनी त्याचं फ्रेंच भाषांतर केलं तेव्हा जग जागं झालं. पुढच्याच वर्षी आऊएनब्रुगर वारले. (जाता जाता: याच गृहस्थांनी संगीतकार सालिएरीसाठी एका ऑपेराची संहिता लिहिली होती. ऑपेराचं नाव "धुराडं साफ करणारा". फुफ्फुसांच्या डॉक्टरला विषयही तोच सुचावा!)

मग पॅरिसचे रेने लाएनेक. साल १८१६. हृदयाचा त्रास असलेली एक स्थूल तरुणी तपासायला आली. छातीला कान लावून ऐकायची तेव्हा पद्धत होती, पण इथे संकोच आडवा आला. त्यांनी कागदाची गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरं आपल्या कानाला. आवाज थेट कान लावल्यापेक्षाही स्वच्छ. पुढे त्यांनी लाकडी नळी बनवली, तोच पहिला स्टेथोस्कोप. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते, पण खरं मोठं काम त्यानंतरचं आहे. जिवंतपणी ऐकलेला आवाज ते लिहून ठेवत, आणि तो रुग्ण दगावला की शवविच्छेदनात फुफ्फुस उघडून त्या आवाजाशी ताडून बघत. कुठली घरघर म्हणजे आत काय, हे असं एकेका मरणातून जुळवलं. १८१९ मध्ये ग्रंथ आला आणि १८२६ मध्ये लाएनेक स्वतः क्षयाने गेले. वय ४५.

ठोकणं आणि ऐकणं, दोन्ही गोष्टी डॉक्टरच्या हातात आणि कानात. कोर्टाला किंवा विमा कंपनीला कान चालत नाही, आकडा लागतो. तो आणला लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी. पाण्यात उलटं बुडवलेलं धातूचं भांडं, वर कप्पी, तोलाला वजनं. नळीतून फुंकलं की भांडं वर उचललं जातं आणि बाजूच्या पट्टीवर आकडा दिसतो. हा स्पायरोमीटर. १८४६ च्या निबंधात त्यांनी दोन हजारांहून जास्त लोकांचे श्वास मोजून मांडले: खलाशी, पोलीस, बंबवाले, पैलवान, भिकारी, सभ्य गृहस्थ. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. उंची वाढते तशी हवा ठरावीक हिशेबाने वाढते, आणि क्षय झालेल्याची हवा बाकी लक्षणं उमटायच्या आधीच कमी भरते. आयुर्विम्यासाठी माणूस पारखायला हे यंत्र वापरावं असं त्यांचं मत होतं आणि स्वतः ते विमा कंपनीशी संबंधित होते. म्हणजे जन्मापासूनच या यंत्राचा एक पाय दवाखान्यात आणि दुसरा हिशेबाच्या कचेरीत. पुढे हचिन्सन सगळं सोडून ऑस्ट्रेलियाला गेले आणि १८६१ मध्ये फिजी बेटांवर वारले. का गेले ते धड कुणाला उमगलं नाही.

आता मुद्द्याचं. माणसाने साडेतीन लिटर हवा फुंकली. हे चांगलं की वाईट? नुसत्या आकड्याला अर्थ नाही. "तुझ्यासारख्या निरोगी माणसाने किती फुंकायला हवी होती" हे माहीत असेल तरच तुलना होते. वय, उंची, बाई की पुरुष, इथपर्यंत ठीक. पण "तुझ्यासारख्या" या शब्दात आणखी काय काय बसवायचं, तिथे घोळ झाला.

घोळ झाला अमेरिकेत. लुइझियानात सॅम्युएल कार्टराइट नावाचे डॉक्टर होते, गुलामगिरीचे कट्टर समर्थक. गुलाम मालकाकडून पळून जातो तो एका मानसिक आजारामुळे, असा "शोध" १८५१ मध्ये लावणारे हेच. त्यांनी स्पायरोमीटर वापरून जाहीर केलं की काळ्या माणसाची फुफ्फुसं गोऱ्यापेक्षा वीस टक्के कमी, म्हणून सक्तीची मेहनत त्याच्या तब्येतीला हितकारक. यादवी युद्धानंतर १८६९ मध्ये बेंजामिन गूल्ड यांनी हजारो सैनिकांची मोजमापं छापली, त्यातही काळ्या सैनिकांचे आकडे कमी. ते सैनिक कुठल्या झोपड्यांतून आले, काय खाऊन वाढले, कुठले आजार काढून आले, हा प्रश्न हिशेबात नव्हता. आकडा तेवढा राहिला आणि पिढ्यान् पिढ्या एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात गेला. संगणक आले तेव्हा तो यंत्राच्या आत जाऊन बसला. काळ्यांसाठी अपेक्षित आकड्यातून १० ते १५ टक्के वजा, आशियाईंसाठी ४ ते ६ टक्के वजा. लंडी ब्राऊन या अमेरिकन संशोधक बाईंनी २०१४ मध्ये या सगळ्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. १९९९ मध्ये तर बाल्टिमोरच्या कोर्टात इन्सुलेशन बनवणाऱ्या एका बड्या कंपनीने मागणी केली होती की ॲसबेस्टॉसने आजारी पडलेल्या काळ्या कामगारांना भरपाईसाठी वेगळी, जास्त कडक अट लावावी. कारण त्यांची फुफ्फुसं मुळातच लहान!

हे वाचून मी ट्रंकेतला कागद पुन्हा उघडला.

वडिलांची उंची १६३ सेंटीमीटर, तेव्हाचं वय ५२. पहिल्या सेकंदात जोरात फुंकलेली हवा २.२५ लिटर. (श्वासनळ्या आवळल्यात का हे या पहिल्या सेकंदावरून कळतं.) युरोपियन माणसासाठीचं त्या काळचं सूत्र लावलं तर अपेक्षित आकडा येतो साधारण ३.०१ लिटर. म्हणजे वडील ७५ टक्के. ढोबळमानाने ८० च्या खाली गेलं की दोष धरतात. पण कागदावर एका कोपऱ्यात बारीक अक्षरात "एशियन" आणि त्याच्यापुढे उणे १० टक्के असं छापलंय. ३.०१ मधून दहा टक्के गेले, राहिले २.७१. आता वडील ८३ टक्के. नॉर्मल.

माणूस तोच, फुंकर तीच. बदललं फक्त भागायचं कशाने ते.

तो कागद घेऊन वडील भरपाईच्या अर्जासाठी एका कचेरीत गेले होते. मी सोबत होतो. टेबलामागच्या साहेबांनी शेरा वाचला आणि विचारलं, "बिडी किती ओढता?" वडील म्हणाले, "साहेब, मिश्रीशिवाय व्यसन नाही." साहेब म्हणाले, "मग वयाने होतं असं." दहा मिनिटांत जिना उतरलो. उतरताना वडील दोनदा थांबले.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात आणि कामगार नुकसान भरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात तो व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता. त्याची एक खूण फार विचित्र आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि आठवडा सरत जाईल तशी सैल होते. लँकेशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात याच खुणेवरून आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. यंत्र लागत नाही, कामगाराला नीट प्रश्न विचारावा लागतो: कुठल्या वारी त्रास होतो? आणि फुंकायलाच लावायचं तर पाळीच्या आधी आणि पाळीनंतर, त्याच माणसाला. तुलना त्याची त्याच्याशीच, मग गोरा-काळा-आशियाई हा प्रश्नच उरत नाही.

आमच्याकडे हे आईलाही माहीत होतं. "सोमवारची छाती" हा घरातला शब्द होता. सोमवारी रात्री ती वडिलांच्या उशाखाली गोधडी दुमडून ठेवायची. पण त्या कचेरीत वार कुणी विचारला नाही.

अभ्यास झालाच नव्हता असंही नाही. परळच्या केईएममध्ये डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांच्या फुफ्फुसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, त्याचे निबंध १९७९ ते ८१ च्या सुमारास बाहेर छापून आले. आमच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर हे ज्ञान होतं. ते टेबलापर्यंत पोचलं नाही.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर कमेंटमधले डॉक्टर मित्र माझी हजामत करतील, आणि बरोबरच करतील. सरासरीने बघितलं तर भारतीयांचे आकडे युरोपियनांपेक्षा कमी येतात हे खरं आहे. त्यांचं कोष्टक जसंच्या तसं लावलं तर आपल्यातले कितीतरी धडधाकट लोक आजारी ठरतील, कुणाची नोकरी जाईल, कुणाचं ऑपरेशन अडेल. म्हणूनच मुंबईत डॉ. फारोख उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात निरोगी भारतीयांची मोजमापं घेऊन इथली सूत्रं काढली. ते काम गरजेचंच होतं. कार्टराइटच्या पंगतीत मी त्यांना बसवत नाहीये. इथल्या माणसांना मोजून सूत्र काढणं वेगळं आणि परक्या सूत्रातून सरसकट दहा टक्के कापणं वेगळं.

तरी एक शंका राहतेच. आकडा कमी का? थोडा शरीराच्या ठेवणीचा भाग असेल, धड आणि पाय यांचं प्रमाण वगैरे. पण लहानपणीची उपासमार, चुलीचा धूर, बालपणी झालेले छातीचे आजार, यांनीही फुफ्फुस पुरतं वाढत नाही. मग धुरात वाढलेल्यांची सरासरी काढून तिला "आपलं नॉर्मल" म्हटलं की धूर हिशेबातून गायब होतो. माझ्या आजीने उभं आयुष्य चुलीपुढे काढलं. तिची फुंकर कुणासाठी प्रमाण धरायची?

जगात यावर हालचाल झालीय. २०१२ मध्ये जगभरच्या आकड्यांवरून नवी सूत्रं आली त्यात भारतीयांचा वेगळा गट नव्हता, आपण "इतर"मध्ये. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने सांगितलं की वंशानुसार वेगळी सूत्रं थांबवा, सगळ्यांना मिळून एकच सरासरी वापरा. त्यावरही वाद चालू आहेत, आणि एकाच सरासरीने सगळे प्रश्न सुटतील असं मलाही वाटत नाही.

कोविडमध्ये आपण घरोघरी बोटाला चिमटा लावून बसलो होतो तो ऑक्सिमीटर आठवा. ज्यांच्या कल्पनेवर तो चालतो ते जपानचे ताकुओ आओयागी. १९७४ चं काम, आणि ते वारले एप्रिल २०२०मध्ये, नेमके महामारीत. त्याच डिसेंबरात अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात ऑक्सिजन धोक्याइतका कमी असणारे गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के होते आणि काळ्यांमध्ये ११.७ टक्के. कातडीच्या रंगाने प्रकाशाचं गणित चुकतं. २०२१च्या लाटेत आपण ९४ की ९३ यावरून बेड शोधत होतो.

वडील २००४ ला गेले. शेवटची दोन वर्षं बसून झोपायचे.

परवा मीही तपासणी करून घेतली. फुंकायच्या आधी तिथल्या मुलीने वय, उंची विचारली आणि पडद्यावर एका चौकटीत काहीतरी निवडलं. मी म्हटलं, "बाळा, ते काय निवडलंस?" ती म्हणाली, "काका, ते आधीपासूनच सेट असतं, आम्ही बदलत नाही." मग तिनेच वाकून वाचलं आणि म्हणाली, "थांबा हं, सरांना विचारून येते."

तुमच्या घरी असा रिपोर्ट असेल तर कोपऱ्यातली बारीक ओळ वाचा. कुठलं सूत्र, कुठला गट, किती टक्के वजा, ते तिथे छापलेलं असतं. आणि ज्यांचे वडील, काका, मामा कार्डिंग किंवा ब्लो रूमला होते त्यांनी एवढंच लिहा: त्यांना कुठल्या वारी जास्त त्रास व्हायचा? मी यादी करतोय.