नऊ नोव्हेंबर : दिनविशेष आणि कार्यकारणभाव

शाळेच्या फळ्यावर एका कोपऱ्यात 'दिनविशेष' लिहायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. वर्तमानपत्रांतही तो रकाना असतो. आज आपण एकच तारीख घेऊ, ९ नोव्हेंबर. १९२२ साली या दिवशी आइनस्टाइन यांना १९२१चं भौतिकशास्त्राचं नोबेल देण्याचं ठरलं. १९४७ साली भारत सरकारने जुनागढचा कारभार हाती घेतला. १९६२ साली महर्षी अण्णासाहेब कर्वे वयाच्या एकशेपाचव्या वर्षी निवर्तले. २००० साली उत्तराखंड राज्य झालं.

या चार गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? काहीही नाही. वर्षाला दिवस ३६५ आणि इतिहासातल्या घटना असंख्य, तेव्हा प्रत्येक कप्प्यात दहा-वीस घटना पडणारच. आपल्या परंपरेत याला काकतालीय न्याय म्हणतात. मराठीत आपण म्हणतो, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. फांदी कावळ्यामुळे तुटली नाही, एवढं कळलं की तर्कशास्त्राचा पहिला धडा झाला.

पण मित्रहो, याच तारखेला जर्मनीत जे घडत गेलं, ते या धड्यात बसत नाही. जर्मन लोक ९ नोव्हेंबरला 'नियतीचा दिवस' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. नियती म्हटलं की माणसं सुटतात.

क्रमाने बघू. १८४८च्या क्रांतीत फ्रँकफुर्टच्या संसदेचे सदस्य रॉबर्ट ब्लूम यांना व्हिएन्नात ९ नोव्हेंबरला गोळ्या घातल्या गेल्या. लोकप्रतिनिधी म्हणून त्यांना संरक्षण होतं, ते कुणी जुमानलं नाही. त्यानंतर ७० वर्षांनी, १९१८ साली, पहिलं महायुद्ध हरत असताना बर्लिन रस्त्यावर उतरलं. ब्लूमचा दिवस पाहून कुणी उतरलं नव्हतं. इथवर कावळा आणि फांदीच.

त्या दिवशी कैसर विल्हेल्म बर्लिनमध्ये नव्हताच, बेल्जियममधल्या स्पा इथे लष्करी मुख्यालयात होता. त्याने संमती देण्याआधीच चान्सेलर माक्स फॉन बाडेन यांनी त्याचा राजत्याग जाहीर करून टाकला. दुपारी फिलिप शायडेमान संसदभवनात जेवत होते. बाहेर गर्दी जमली, कुणीतरी म्हणालं बोला, आणि त्यांनी सज्जातून प्रजासत्ताक घोषित केलं. त्यांचेच नेते फ्रीडरिश एबर्ट संतापले की हा अधिकार तुम्हाला दिला कुणी! दोनेक तासांनी कार्ल लीबक्नेश्ट यांनी राजवाड्यापाशी दुसरंच, समाजवादी प्रजासत्ताक घोषित केलं. म्हणजे एका दुपारी, एका शहरात, दोन प्रजासत्ताकं.

इथून पुढे मात्र तारीख नुसती तारीख राहत नाही. पराभव सैन्याचा नव्हे, घरभेद्यांनी पाठीत सुरा खुपसला, असा प्रचार सुरू झाला. ज्यांनी प्रजासत्ताक आणलं, युद्धबंदीवर सही केली, त्यांना नाव पडलं 'नोव्हेंबरचे गुन्हेगार'. महिन्याच्या नावाचीच शिवी झाली. १९२३ साली, क्रांतीला पाच वर्षं होत असताना, ८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी हिटलर म्युनिकच्या एका बिअर हॉलमधल्या सभेत घुसला, छताकडे गोळी झाडली आणि नोव्हेंबरच्या गुन्हेगारांचं सरकार बरखास्त झाल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला, पोलिसांनी गोळीबार केला. चार पोलीस गेले, मोर्चातलेही मेले, बंड फसलं. शिक्षा पाच वर्षांची झाली, पण १९२४ संपायच्या आत स्वारी बाहेर.

(जाता जाता : १९२० च्या दशकाच्या शेवटी अण्णासाहेबांच्या सूनबाई इरावतीबाई याच देशात, बर्लिनमध्ये, मानववंशशास्त्रात पीएच.डी. करत होत्या. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पना तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांतही वावरत होत्या.)

सत्तेवर आल्यावर नाझींनी त्या फसलेल्या बंडाची पुण्यतिथी म्हणा, उरूस म्हणा, दरवर्षी म्युनिकमध्ये साजरी करायला सुरुवात केली. जुने साथीदार जमायचे, भाषण, मिरवणूक, भोजन.

आता १९३८. जर्मनीतून हजारो पोलिश ज्यूंना ऑक्टोबरअखेर सीमेपलीकडे हाकललं गेलं. त्यांत ज्याचे आईवडील होते, त्या हेर्शेल ग्रिन्श्पान नावाच्या १७ वर्षांच्या मुलाने ७ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये फोम राथ या जर्मन अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. तो अधिकारी ९ तारखेला संध्याकाळी मेला. मरणाची वेळ हा निव्वळ योगायोग. पण ती बातमी पोचली तेव्हा पक्षाचे देशभरातले पुढारी बंडाच्या स्मृतिभोजनासाठी म्युनिकच्या जुन्या नगरभवनात एकत्र बसलेले होते, आणि हा योगायोग नव्हता. गोबेल्सने चिथावणीचं भाषण केलं, पुढारी उठून टेलिफोनकडे गेले आणि त्या रात्री देशभर प्रार्थनास्थळं पेटली. हजाराहून अधिक सिनेगॉगं जाळली वा मोडली गेली. सुमारे ३०,००० ज्यू पुरुष छळछावण्यांत गेले. वर ज्यू समाजालाच शंभर कोटी मार्कांचा दंड.

द्वेष तारखेने निर्माण केला नाही, तो आधीपासून होता आणि सरकारी धोरणच होता. पण एका रात्रीत, सगळीकडे एकदम, ही गती त्या भोजनाच्या पंगतीमुळे आली असं माझं मत आहे. स्मरण इथे कारण झालं.

याची उलट बाजूही आहे. गेओर्ग एल्सर हा साधा सुतार. हिटलर कुठे कधी सापडेल हे कुणाला ठाऊक नसे. अपवाद एकच, ८ नोव्हेंबरची संध्याकाळ, तोच बिअर हॉल. एल्सरने १९३९ साली तिथे तीसहून अधिक रात्री लपून राहून व्यासपीठामागचा खांब कोरला, आत बॉम्ब ठेवला. त्या रात्री धुक्यामुळे हिटलरला विमानाऐवजी रेल्वेने परतायचं होतं, म्हणून तो लवकर निघाला. १३ मिनिटांनी स्फोट झाला. आठ माणसं मेली, हिटलर नव्हता. एल्सरने तारखेवर भरवसा ठेवला तो बरोबरच होता. वाटेत धुकं आलं. इतिहास लिहिणाऱ्याने दोन्ही लिहायला हवं.

मग १९८९. पूर्व बर्लिनमध्ये गुंटर शाबोव्स्की पत्रकार परिषदेत प्रवासाच्या नव्या नियमांचा कागद वाचतात. नियम दुसऱ्या दिवसापासून लागू व्हायचे होते, हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. कधीपासून, असं विचारल्यावर ते कागद उलटेपालटे करून म्हणाले, माझ्या माहितीप्रमाणे ताबडतोब. रात्री साडेअकराच्या सुमारास बोर्नहोल्मर रस्त्याच्या नाक्यावर गर्दी आवरेना, वरून स्पष्ट आदेश येईना, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने फाटक उघडलं. २८ वर्षं उभी असलेली भिंत निरर्थक झाली. शाबोव्स्कींच्या चुकीमुळे भिंत पडली असं गमतीने सांगतात. अहो, पण लाइपझिगमध्ये महिनाभर आधीच सत्तरएक हजार माणसं रस्त्यावर उतरली होती! चुकीने फक्त तारीख ठरवली. १९१८ची आठवण इथे कुणी मनात धरली नव्हती. म्हणजे पुन्हा कावळा आणि फांदी.

प्रश्न आला तो नंतर. एक झालेल्या देशाने राष्ट्रीय दिन कोणता पाळायचा? आपल्याकडे २६ जानेवारी मुद्दाम निवडली, १९३० सालच्या पूर्ण स्वराज्याच्या दिवसाचा मान राखायचा म्हणून. जर्मनांपुढे ९ नोव्हेंबर आयतीच होती. पण ज्या रात्री सिनेगॉगं जळली, त्या रात्री फटाके कसे उडवायचे? त्यांनी ३ ऑक्टोबर घेतली, १९९० साली ज्या दिवशी एकीकरण कायद्याने अमलात आलं तो दिवस. कागदोपत्री, काहीसा कोरडा. ९ नोव्हेंबरला सुट्टी नसते. त्या दिवशी जर्मन शहरांत लोक पदपथावर गुडघे टेकून बसतात आणि जिथून ज्यू शेजाऱ्यांना नेलं गेलं त्या घरांसमोर बसवलेल्या नावांच्या छोट्या पितळी फरश्या घासूनपुसून लख्ख करतात, शेजारी मेणबत्ती लावतात. त्याच संध्याकाळी बर्लिनमध्ये भिंतीच्या उरलेल्या तुकड्यांपाशी फुलं ठेवायलाही माणसं येतात.